कॉफीत दूध आधी की नंतर?

अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलच्या पीएच.डी.साठी मी २०१२ च्या ऑगस्टमध्ये गेले. कराडहून. बारावी, सीईटी, इंजिनिअरिंगची आठ सेमिस्टर, जीआरई, टोफेल एवढं सगळं देऊन झाल्यावर आता परीक्षा म्हणून काही उरलं नसेल, अशी माझी समजूत. मुंबईला विमानतळावर आई म्हणालीसुद्धा, "आता तरी तुझी जागरणं थांबतील." पहिल्याच आठवड्यात 'क्वालिफायर' हा शब्द कानावर पडला. तो उच्चारताना वरच्या वर्षांतल्या मुलांचे चेहरे कसे व्हायचे, तर आमच्या कॉलेजात "एक्स्टर्नल आलाय" म्हटल्यावर व्हायचे तसे.

ही परीक्षा मी पहिल्या खेपेला नापास झाले, दुसऱ्या खेपेला पास. आता पुण्यात नोकरी करते, तरी ओळखीपाळखीतून मुलांचे फोन येतात: "ताई, क्वालिफायरचं जरा सांगा ना." दर वेळी तेच ते सांगते, म्हणून एकदा लिहून ठेवते आहे.

१. नियमावली स्वतःच्या डोळ्यांनी वाचा

प्रत्येक विभागाचं एक हँडबुक असतं. आमच्या हँडबुकात क्वालिफायरचं प्रकरण जेमतेम तीन पानांचं होतं. कोर्समध्ये चारपैकी साडेतीनचा जीपीए हवा. गणित सगळ्यांना सक्तीचं, शिवाय आणखी दोन विषय. प्रत्येकाचा तीन तासांचा लेखी पेपर. त्यानंतर त्या दोन विषयांची तोंडी परीक्षा, प्रत्येकी तीन प्राध्यापकांसमोर. परीक्षा वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये, सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात. पहिला प्रयत्न चौथ्या सेमिस्टरपर्यंत झालाच पाहिजे. एकूण प्रयत्न दोन. दुसऱ्यांदाही नापास झालात, तर मास्टर्सची पदवी घ्यायची आणि नमस्कार.

एवढं सोपं होतं. पण मी ते वाचलं नाही. आपल्याकडची सवय, नोटीस बोर्ड वाचण्यापेक्षा सीनियरला विचारायचं. सीनियर म्हणाला, "तिसऱ्या वर्षी दे, काही घाई नाही." तो खोटं बोलत नव्हता. तो २००९ ला आलेला, त्याला २००९ चं हँडबुक लागू. मला २०१२ चं, आणि मधल्या काळात नियम बदलले होते. ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचे नियम आपल्याला लागू, हे मला तिसऱ्या सेमिस्टरच्या ऑक्टोबरअखेरीस कळलं. विभागाच्या ऑफिसातल्या बाईंनी सहज विचारलं, "जानेवारीच्या यादीत तुझं नाव घालू ना?" दहा आठवडे उरले होते.

सीनियरला जरूर विचारा. पण परीक्षक कसे आहेत ते विचारा; नियम विचारू नका.

२. नावांवर जाऊ नका

अमेरिकेत या अडथळ्यांच्या नावांचा जो घोळ आहे, त्याला तोड नाही. बर्कलीच्या इंजिनिअरिंगमध्ये आधी प्रिलिम होते आणि मग क्वालिफाइंग. इलिनॉयला आधी क्वालिफाइंग आणि मग प्रिलिम. मावसबहीण एका ठिकाणी, आपण दुसऱ्या ठिकाणी, आणि फोनवर दोघी "माझी प्रिलिम झाली" म्हणतात तेव्हा दोन वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत असतात. नाव सोडा, काय तपासतात ते बघा. पाया पक्का आहे का, ही पहिली तपासणी. संशोधनाचा बेत धड आहे का, ही दुसरी. केलेलं काम स्वतःचं आणि खरं आहे का, ही शेवटची, म्हणजे डिफेन्स.

आपल्याकडे यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पायाची तपासणी कोर्सवर्कवर सोपवली आहे: किमान १२ क्रेडिट आणि ५५ टक्के. बऱ्याच आयआयटींत त्याच्या वर क्वालिफायर नाहीतर कॉम्प्रिहेन्सिव्ह असते. माझ्या पुण्यातल्या एका मैत्रिणीला क्वालिफायरचं भय कधी वाटलं नाही. तिचं भय जेआरएफ फेलोशिपची एसआरएफ होताना दोन वर्षांनी बसणाऱ्या समितीचं. ज्याचं त्याचं भूत.

३. ज्या विषयात मार्क पडले तो आपला विषय नव्हे

माझं संशोधन उकळत्या पाण्याने इलेक्ट्रॉनिक भाग गार करण्याचं, त्यामुळे हीट ट्रान्सफर घेणं भागच होतं. दुसरा विषय निवडायचा होता. मी फ्लुइड मेकॅनिक्स घेतला, कारण बी.ई.ला त्यात सर्वांत जास्त मार्क होते. ते मार्क लोकल ऑथरच्या पुस्तकातल्या अठरा हमखास गणितांचे होते, हे मी सोयीस्कर विसरले. उलट, सॉलिड मेकॅनिक्सची मी वर्षभर टीए होते. दर मंगळवारी वीस अमेरिकन पोरांना बीमवरचा भार, शिअर फोर्स, बेंडिंग मोमेंट समजावून सांगत होते, त्यांच्या चुका तपासत होते. झोपेत विचारलं असतं तरी कॅन्टिलिव्हरचं चित्र काढलं असतं.

तोच विषय घ्यायला हवा होता. दुसऱ्याला शिकवलेला विषय तोंडी परीक्षेत दगा देत नाही. फ्लुइडमध्ये निभावले, पण जेमतेम.

४. जुने पेपर सोडवा, पाठ करू नका

आमच्या विभागात जुने लेखी पेपर मिळायचे, उत्तरं मिळायची नाहीत. मला तो अन्याय वाटला. बी.ई.ला आम्ही ड्रॉइंगच्या शीटसुद्धा जीटी मारून, म्हणजे काचेखाली दिवा लावून दुसऱ्याच्या शीटवरून उतरवून केलेल्या. उत्तर समोर असल्याशिवाय प्रश्नाला हात लावायचा कसा? मग मी इन्क्रोपेराच्या हीट ट्रान्सफरच्या पुस्तकातली गणितं धडाधड सोडवत सुटले. उत्तर बघायचं, जुळलं की पुढचं.

गोम अशी की पुस्तकातल्या गणितात सगळे आकडे दिलेले असतात, आणि कुठल्या प्रकरणाखाली आहे त्यावरून कुठलं सूत्र लावायचं तेही कळतं. क्वालिफायरच्या पेपरात निम्मे आकडे नसायचे. काय गृहीत धरायचं, काय सोडून द्यायचं, हे तुम्ही ठरवायचं. लेखीत मी पास झाले ते गणिताच्या पेपराने हात दिला म्हणून.

५. फळ्यासमोर गप्प बसू नका

इथे जरा थांबते, कारण सगळं इथेच घडलं.

जानेवारी २०१४. तोंडी परीक्षेची खोली तिसऱ्या मजल्यावर. लांब टेबल, पलीकडे तीन प्राध्यापक, अलीकडे भिंतभर हिरवा फळा. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत हीटर इतका, की स्वेटरमध्ये घामाघूम व्हायला झालेलं. मधल्या प्राध्यापकांनी हातातला कागदी कप टेबलावर ठेवला. म्हणाले, "ही कॉफी मी आत्ताच आणली. प्यायला सुरुवात करणार तोच फोन आला. दहा मिनिटं जाणार. परत आल्यावर ती जास्तीत जास्त गरम हवी. फ्रिजमधलं दूध आत्ता घालू, की परत आल्यावर?"

माझ्या मनात सर्वांत आधी काय आलं असेल? की दूध तर चहाबरोबरच उकळतात! वरून दूध घालणं हा प्रकार मी तिथे गेल्यावरच पाहिला होता. पण असं बोलायचं कसं? मी वळले आणि फळ्यावर ऊर्जेचं समीकरण लिहिलं. पूर्ण, त्रिमितीय, एकही पद न गाळता. मग बाउंडरी कंडिशन लिहायला घेतल्या. तळाची लिहिली, बाजूची लिहिली. वरच्या पृष्ठभागापाशी, जिथून वाफ जाते, तिथे अडले. आणि गप्प झाले. परीक्षकांकडे पाठ, तोंड फळ्याकडे, आणि हातातला खडू एकच ठिपका गिरवत बसलेला. तो ठिपका मोठा मोठा होत गेला.

एकाने विचारलं, "काय विचार करते आहेस?"

मी म्हटलं, "नथिंग."

खरं तर डोक्यात दहा गोष्टी चालल्या होत्या. वाफेमुळे बरीच उष्णता जात असणार, कप कागदाचा आहे, दूध किती घालणार हे सांगितलेलं नाही. यातलं काहीही तोंडातून निघालं असतं, तर त्यांनी पुढचा धागा हातात दिला असता. पण आपल्याकडे उत्तर येत असेल तर बोलायचं, नसेल तर मान खाली घालून उभं राहायचं, हे पहिलीपासून अंगात मुरलेलं. सरांसमोर अर्धवट काही बोलणं म्हणजे आगाऊपणा. गप्प राहणं ही अदब. त्या खोलीत अदब दिसत नव्हती; कोरी पाटी दिसत होती.

त्यांना काय हवं होतं, ते नंतर दुसऱ्या एका प्राध्यापकांनी सांगितलं. कपाचं एक वेडंवाकडं चित्र आणि चार वाक्यं. कॉफी ढवळली जात असते, म्हणून आतलं तापमान सगळीकडे सारखं धरते. वस्तू भोवतालापेक्षा जितकी गरम, तितकी ती भराभर उष्णता गमावते. दूध आधी घातलं तर तापमान लगेच खाली येतं, म्हणून पुढची दहा मिनिटं गळती कमी. शिवाय कपातला ऐवज वाढल्याने तो सावकाश निवतो. म्हणजे आधी घाला. दोन मिनिटांचं काम. मग ते फाटे फोडणार होते: झाकण लावलं तर? दूध फ्रिजमध्ये नसून टेबलावरच असेल तर? (तरीही आधीच घालायचं, का, ते तुम्ही बघा.) लवकर गार करायची असेल तर? त्यावर मी बशी म्हणाले असते की! आमचे आजोबा जन्मभर चहा बशीत ओतून प्यायले. पृष्ठभाग वाढतो, बाष्पीभवन वाढतं, फुंकर मारली की आणखी. त्या प्रश्नापर्यंत आम्ही पोचलोच नाही.

६. "माहीत नाही" हे वाक्य अर्धं आहे

"माहीत नाही" म्हणायला कसली लाज? पण तिथे थांबायचं नसतं. "नक्की माहीत नाही, पण मला वाटतं कमी होईल, कसं तपासायचं ते बघते." एवढं आलं तरी परीक्षक पुढे सरकून बसतात.

७. नापासाचं पत्र आणि घरचा फोन

निकाल चार दिवसांनी ई-मेलने आला. तीन ओळी. हीट ट्रान्सफरची तोंडी परीक्षा असमाधानकारक, दुसरा आणि शेवटचा प्रयत्न ऑगस्टमध्ये. उष्णतेवर संशोधन करणारी मुलगी, आणि नापास उष्णतेतच. लॅबमध्ये जाताना दोन आठवडे मी मागचा जिना वापरला.

घरी सांगायला आठवडा घेतला. आईला समजावताना पुरेवाट झाली. लेखी पास आहे, एक तोंडी राहिली, ती परत देता येते. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे एटीकेटी लागली म्हण की! मग रडतेस काय?" बाबांनी मागून विचारलं, "फी परत भरायची का?" नाही म्हटल्यावर त्यांनी विषय संपवला.

एटीकेटीत आणि यात एक फरक होता, तो मी त्यांना सांगितला नाही. दुसऱ्यांदा नापास झाले तर स्टायपेंड जाणार होता आणि त्याबरोबर व्हिसाचं सगळं गणित. एफ-वन व्हिसावर अभ्यासक्रम पुरा करून थांबलात तर गाशा गुंडाळायला ६० दिवस मिळतात. परवानगी घेऊन मधेच सोडलात तर १५. मास्टर्स घेऊन बाहेर पडायचं असेल, तरी इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन आय-ट्वेंटीवरची पातळी पीएच.डी.वरून मास्टर्सवर आणून घ्यावी लागते. म्हणून नापास झाल्या दिवशी रडा हवं तर, पण त्याच आठवड्यात त्या ऑफिसात जाऊन या. तिथल्या लोकांनी हे शंभरदा पाहिलेलं असतं, त्यांना तुमची कीव येत नाही. त्याचंच बरं वाटतं.

८. गाइड तुमचा वकील नव्हे

माझे गाइड भले गृहस्थ. जानेवारीआधी म्हणत राहिले, "तुला काही अडचण येणार नाही." आणि डिसेंबरात प्रयोगाचा सेट बदलायला लावला. दोन्ही गोष्टी त्यांनी मनापासूनच केल्या. पण परीक्षेच्या खोलीत ते नव्हते. आमच्याकडे गाइडला स्वतःच्या विद्यार्थ्याच्या तोंडीला बसता येत नसे. उन्हाळ्यात मी थेट विचारलं, "जून-जुलै लॅबमधून सुट्टी देता का?" ते क्षणभर थबकले आणि म्हणाले, "आधीच का नाही मागितलीस?" खरंच, का नाही मागितली? सरांकडे कामाची सुट्टी मागायची असते, हे डोक्यातच आलं नव्हतं.

९. रिकामा वर्ग, तीन माणसं, आणि आपली भाषा

उन्हाळ्यात आम्ही तिघांनी शुक्रवारी संध्याकाळी एक रिकामा वर्ग धरला. एक चिनी मुलगी, एक तेलुगू मुलगा आणि मी. एकाने फळ्याशी उभं राहायचं, दोघांनी छळायचं. प्रश्न घरातलेच. बंद खोलीत पंखा लावला तर खोली गार होते की गरम? कुकरची शिट्टी का होते? माठातलं पाणी दमट मुंबईत का गार होत नाही? नियम एकच, वीस सेकंदांपेक्षा जास्त गप्प राहायचं नाही.

पहिले दोन शुक्रवार माझी बोबडी वळली. तिसऱ्या शुक्रवारी मी वैतागून मराठीत पुटपुटायला लागले. "थांब हं, उष्णता इकडून येतेय, मग जाणार कुठे? इथूनच ना?" आणि काय आश्चर्य, हात चालायला लागला. गणित अवघड नव्हतंच. मी डोक्यात इंग्रजी वाक्य पूर्ण जुळेपर्यंत तोंड उघडत नव्हते, आणि ते जुळेपर्यंत विचार पळालेला असायचा. तेव्हापासून मी आधी मराठीत बडबडते, मग तेच इंग्रजीत सांगते. चिनी मुलीनेही तिच्या भाषेत सुरुवात केली. तेलुगू तर आधीपासूनच करत होता, आम्हाला वाटायचं तो शिव्या देतोय.

ऑगस्टमध्ये प्रश्न आला तो तारेचा. विजेच्या बारीक तारेवर प्लास्टिकचं वेष्टण चढवलं, तर तार जास्त गरम होईल की कमी? मी म्हणाले, "जास्त होईल असं वाटतं, स्वेटर घातल्यासारखं. पण तपासते." तारेचं गोल चित्र काढलं. उष्णतेला वाटेत दोन अडथळे: वेष्टणातून बाहेर येण्याचा आणि पृष्ठभागावरून हवेत जाण्याचा. वेष्टण जाड केलं की पहिला वाढतो. दुसरा? "थांब हं," मी मोठ्याने म्हणाले. एका परीक्षकाने भुवया उंचावल्या. "पृष्ठभाग वाढतोय, म्हणजे दुसरा कमी होतोय." मग दोघांची बेरीज कुठे सर्वांत कमी, ते काढलं: वेष्टणाची उष्णतावाहकता भागिले हवेचा गुणांक. प्लास्टिकला ०.१५ धरलं, हवेला १०. त्रिज्या आली १५ मिलिमीटर. तार एक-दोन मिलिमीटरची. म्हणजे वेष्टणाने ती उलट गारच राहील. "माझा पहिला अंदाज चुकला," मी म्हणाले, आणि ते वाक्य म्हणताना मला अजिबात लाज वाटली नाही. स्टीमच्या जाड पाइपला मग वेष्टण का घालतात, हे त्यांनी विचारायच्या आधी मीच सांगून टाकलं.

१०. पास म्हणजे सरळ पास असं नाही

निकालात 'सशर्त उत्तीर्ण' होतं. पुढच्या सेमिस्टरला गणिताचा आणखी एक कोर्स घेऊन त्यात किमान बी मिळवायचा. मी गणितात पास झाले होते. तरी समितीला तसं वाटलं, तर वाटलं. वाद घातला नाही. बी मिळाला.

तेलुगू मुलगा दुसऱ्या खेपेलाही राहिला. मशीन डिझाइन त्याला आम्हा दोघींपेक्षा कितीतरी जास्त यायचं. शिग्लीचं पुस्तक त्याने अक्षरशः कुरतडलेलं. त्या दिवशीचे परीक्षक, त्या दिवशीचा प्रश्न, आदल्या रात्रीचा ताप. तो मास्टर्स घेऊन गेला, नोकरीला लागला आणि पहिल्या पगारात आम्हाला जेवायला घेऊन गेला. म्हणून ही परीक्षा म्हणजे विद्वत्तेची कसोटी, असं कुणी म्हटलं की मी तिथून उठते. स्टॅनफर्डच्या इलेक्ट्रिकल विभागात तर कितीतरी वर्षं मुलांना दहा प्राध्यापकांपुढे प्रत्येकी दहा-बारा मिनिटं उभं राहावं लागे. एकाच परीक्षकाचा मूड मुलाला बुडवू नये, हा तरी त्यात फायदा. हल्ली काही विभाग ही पद्धत सोडून विद्यार्थ्याच्या स्वतःच्या संशोधनावर प्रश्न विचारतात. मला ते बरं वाटतं, आणि थोडं चुकल्यासारखंही.

११. आणि हे फोन

मागच्या महिन्यात सांगलीकडच्या एका मुलाचा फोन आला. दुसरा प्रयत्न आहे, थर्मोडायनॅमिक्स. "ताई, ते काय विचारतील?"

मी म्हटलं, "बंद खोलीत फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोलीचं काय होईल?"

पलीकडे शांतता. मी घड्याळ बघितलं.

"ताई, एक मिनिट हं, कागद घेतो."

"कागद नको. बोल."

"काय बोलू?"

"जे डोक्यात आहे ते."

"नाही, म्हणजे… फ्रिजची वायर भिंतीत लावलेली आहे ना?"

"आहे."

"मग वीज आत येतेय खोलीत. येतेय, पण बाहेर… थांबा, थांबा हं…"